मदत हवी आहे: महाडीबीटीचा फॉर्म परत आला, कॉलेज फी मागतंय

माणदेशी
बहिणीच्या कॉलेजने सोमवारपर्यंत ६८ हजार भरायला सांगितलेत, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही म्हणतात. मुलींना फी माफ आहे ना? महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज केला होता, तो परवा परत आला. दुसरी कुठली स्कॉलरशिप लगेच मिळेल का? बहीण पुण्यात इंजिनिअरिंगला, दुसऱ्या वर्षाला आहे. माहिती असलेल्यांनीच लिहा, वेळ नाही.

निवृत्त_लिपिक
परत आला म्हणजे शेरा काय आहे? प्रवर्ग कोणता? प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) की संस्थास्तरावर? घरचं उत्पन्न किती? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

बँकवाला
स्कॉलरशिपच्या मागे सहा महिने घालवण्यापेक्षा शैक्षणिक कर्ज घ्या. पीएम विद्यालक्ष्मीत तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना ३ टक्के व्याज सवलत मिळते. मी स्वतः अशी प्रकरणं केली आहेत.

निवृत्त_लिपिक
@बँकवाला, ती योजना ठरावीक यादीतल्या संस्थांपुरतीच आहे आणि मुलीचं कॉलेज कोणतं ते अजून कळलेलं नाही. शिवाय दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती व्याज सवलत मिळत नाही. जी फी माफ होऊ शकते तिच्यासाठी शेतकऱ्याच्या पोरीला आधीच कर्जात का घालायचं?

बँकवाला
शेतकऱ्याची पोर आहे हे त्यांनी कुठे लिहिलंय? आणि कर्ज म्हणजे पाप नव्हे. माझा मुलगा कर्जावरच शिकला.

कोयनाकाठ
आमच्या वेळी ईबीसीचा फॉर्म असायचा. तलाठ्याचा दाखला आणि हेडमास्तरांची सही, की फी माफ. मी साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'त राहून पदवी घेतली, पहाटे बागेला पाणी घालायचं आणि दहाला वर्गात. मुलीला पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिकामध्ये घाला. महिन्याचा खर्च तरी निघेल आणि कष्टाची सवय लागेल.

माणदेशी
काका, तिचं सकाळी ८ ते ५ कॉलेज, वर प्रॅक्टिकल. सोमवारचं काय ते सांगा. लिपिक साहेब, प्रवर्ग ओबीसी, कॅपमधूनच प्रवेश, वडील शेती करतात, उत्पन्न दाखल्यावर ७२ हजार. शेरा इंग्रजीत आहे, उत्पन्नाचा दाखला वैध नाही असा. पण दाखला खरा आहे, दहिवडीच्या तहसीलमधूनच काढलाय. नॉन-क्रिमीलेअर तर २०२७ पर्यंत आहे.

निवृत्त_लिपिक
आता कळलं. नॉन-क्रिमीलेअर वेगळं, उत्पन्नाचा दाखला वेगळा. बरेच जण नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांचं काढतात आणि दाखलाही तेवढाच चालतो असं धरून बसतात. दाखला हातात घे आणि शेवटच्या ओळी वाच. 'पर्यंत वैध' असं लिहिलंय तिथे तारीख कोणती?

माणदेशी
३१ मार्च २०२५.

ही ओळ मी आज पहिल्यांदा वाचली. सेतूवाल्यानेही सांगितलं नाही.

निवृत्त_लिपिक
वीस वर्षं मी स्कॉलरशिपचं टेबल सांभाळलं, परत आलेल्या अर्जांत ही तारीख सतत दिसायची. नवा दाखला काढ. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, रेशनकार्ड, वडिलांचं स्वयंघोषणापत्र. आपले सरकारवर अर्ज टाक, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, पावती घेऊन तहसीलला स्वतः जा आणि मुलीच्या परीक्षेचं सांग. मुदत १५ दिवसांची असते, पण समोर माणूस उभा असला की सही लवकर होते. दाखला आला की त्याचा नवा बारकोड क्रमांक फॉर्ममध्ये टाकायचा. जुना तसाच ठेवून नुसता कागद अपलोड केलास तर पुन्हा परत येईल.

दोन_मुलींची_आई
प्रगती योजनेचं कुणीच कसं बोललं नाही? एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) आहे, वर्षाला ५० हजार, फक्त मुलींसाठी. माझ्या थोरलीला मिळाली. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

बँकवाला
ताई, ती पहिल्या वर्षासाठी असते. ही दुसऱ्या वर्षाला आहे. उगाच आशा लावू नका.

माणदेशी
डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलीये. हे सांगायचं राहिलं.

दोन_मुलींची_आई
बघा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलींना प्रगती चालते. @बँकवाला, विचारून तरी घ्यायचं होतं.

निवृत्त_लिपिक
चालते, पण दुसरी शिष्यवृत्ती घेत असेल तर नाही. म्हणून फीमाफी आणि प्रगती यांत जे जास्त पडेल ते निवडायचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस त्यात नाही. ६८ हजारांत शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, हे कॉलेजकडून लेखी घे. आणि डिप्लोमाहून आली असेल तर अर्ज फ्रेशच (नवा, नूतनीकरणाचा नव्हे) हवा, मागच्या शिक्षणात डिप्लोमाची तिन्ही वर्षं भरलीत का तेही बघ.

दोन_मुलींची_आई
आणि पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क मागतातच कसं? सरळ सहसंचालक, तंत्रशिक्षण यांच्याकडे लेखी तक्रार करा. मी केली होती, आठवड्यात कॉलेजचा फोन आला.

निवृत्त_लिपिक
ताई, अजून तीन वर्षं तिला त्याच कॉलेजात काढायची आहेत. आधी प्राचार्यांना हमीपत्र द्या, की दाखल्याचा अर्ज केलाय, ही पावती, तोवर विकास शुल्क भरतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

दोन_मुलींची_आई
भागतं, कारण सगळे गप्प बसतात म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा मागतात! ज्या मुलीला भाऊ नाही, आईबाप शिकलेले नाहीत, ती सोमवारी काय करत असेल?

कोयनाकाठ
अवांतर: भाच्याला एमएससाठी जर्मनीला जायचंय, तिथे फी नसते म्हणतात. स्कॉलरशिप लागते का?

म्युनिक_मुक्काम
सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहेत. इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. भाच्याला जर्मन आत्तापासून शिकू दे, इथे पार्टटाइम काम त्यावरच मिळतं.

दोन_मुलींची_आई
जर्मनीचा वेगळा धागा काढा ना. इथे एका मुलीची परीक्षा अडकली आहे.

माणदेशी
अपडेट. शुक्रवारी तलाठ्याकडे गेलो, अहवाल मिळाला. तहसीलमध्ये पावती दाखवली, तिथल्या मॅडमनी कागद बाजूला काढून ठेवला आणि आज दाखला हातात आला. ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध, तीनदा वाचलं. बारकोड बदलून अर्ज पुन्हा पाठवला. कॉलेजने हमीपत्र आणि १४ हजार विकास शुल्क घेतलं, परीक्षेचा फॉर्म भरून झाला. बाकी ५४ हजार शिक्षण शुल्क आहे, म्हणजे प्रगतीपेक्षा हीच माफी बरी पडते.

बँकवाला साहेब, एक विचारायचं होतं. तिचं पासबुक पुण्याच्या खात्याचं आहे, पण आधार गावच्या बँकेला जोडलंय बहुतेक. माफीचे पैसे यायला अडेल का?

बँकवाला
अर्जात कोणतंही खातं लिहा, पैसे आधार ज्या बँकेला जोडलंय तिथेच जातात आणि ते एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं असतं. माय आधारच्या साईटवर तिचा नंबर टाकून बँक सीडिंगची (आधार-बँक जोडणीची) स्थिती बघा, ओटीपी तिच्या मोबाइलवर येईल. गावचं खातं चालू असेल तर काही बदलू नका. बंद पडलं असेल तर उद्याच पुण्याच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म द्या, नुसतं केवायसी नको, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) असं स्पष्ट सांगा.

माणदेशी
गावचं खातं दोन वर्षं वापरलेलं नाही. बहिणीला आत्ताच फोन लावतो.