आई-बाबांना पुण्याला आणायचंय, आमच्यातच ठेवू की जवळ वेगळं घर बघू?

धायरीची_लेक:
नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहितेय. बाबा 76, आई 70, दोघंच मिरजेला असतात. जुनं बैठं घर, पुढे अंगण. आम्ही धायरीत टू बीएचकेमध्ये, मी, नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई, म्हणजे मुलगी आणि आजी एका खोलीत. धाकटा भाऊ 29 चा, बेंगळुरूला मित्रांबरोबर फ्लॅट शेअर करून राहतो. पावसाळ्यात बाबा मोरीत घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. भाऊ म्हणतो मिरजेचं घर विकून टाका आणि पुण्यात वन बीएचके घ्या. बाबा म्हणतात लेकीच्या घरी कायमचं राहायचं नाही. नवऱ्याची काही हरकत नाही, पण सहा माणसं आणि दोन खोल्या, कसं जमायचं? कुणी असं केलंय का?

दुसरी_विंग:
ताई, आमचं तीन वर्षांपासून अगदी असंच चाललंय, सासू-सासरे आमच्याच सोसायटीत बी विंगला भाड्याने आहेत, आणि मी तरी हेच सुचवेन. आधी सगळे एकत्रच होतो. सासरे पहाटे साडेचारला उठणार, गिझर लावणार, मोठ्याने स्तोत्रं म्हणणार, मुलगा रात्री दोनपर्यंत अभ्यास करून नुकताच झोपलेला, मग रोज धुसफूस. चूक कुणाचीच नाही हो, वयंच वेगळी. ओट्याशी तर आणखी कठीण, सासूबाईंना कमी तिखट, अळणी लागतं आणि मुलांना झणझणीत, मग दोन-दोन फोडण्या. आता त्यांचा चहा-नाश्ता त्यांच्याकडे, रात्रीचं जेवण सगळ्यांचं आमच्याकडे, किल्ली दोन्ही घरात. एक मात्र बघाच, बाथरूममध्ये पकडायला दांडे आणि न घसरणारी फरशी आधी करून घ्या, सामान नंतर हलवा. खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणजे कमोडही उंच लागेल.

सातारचे_काका:
मी स्वतः 73 वर्षांचा आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. बाळ, घर विकायची घाई करू नका. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, सांगली-कोल्हापूरकडूनच काय, कर्नाटकातूनही लोक तिथे उपचाराला येतात, तेव्हा डॉक्टरांसाठी पुण्याला यायला पाहिजे असं काही नाही. आम्हाला अडचण येते ती सोबतीची. तुमच्या बाबांचे कट्ट्यावरचे मित्र, ओळखीचा वाणी, दूधवाला हे सगळं या वयात नव्याने जमवणं फार अवघड जातं. माझा मुलगा मला पिंपरीला घेऊन गेला होता, अकराव्या मजल्यावर. सून अत्यंत प्रेमळ, पण दिवसभर घरात मी आणि टीव्ही. आता मी थंडीत तिकडे आणि बाकी वर्षभर इकडे असतो. 75 पूर्ण झालेल्यांना एसटी राज्यात मोफत आहे, तुमच्या आईंनाही अर्ध्या तिकिटात येता येईल, तेव्हा दोघं आधी दोन-तीन महिने येऊन राहू देत. आणि निर्णय त्यांच्यासमोर बसून घ्या, बहीण-भावांनी फोनवर ठरवून त्यांना कळवू नका.

कागदपत्र_बघा:
काकांशी सहमत. घर बाबांच्या नावावरच राहू द्या. पुढेमागे मुलांना बक्षीसपत्र करायचं ठरलंच तर त्यात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम 23 आहे, अट पाळली नाही तर न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं, पण कागदावर अटच नसेल तर भांडत बसावं लागतं. तुमच्यावर कुणाचा संशय नाही, पण भावाचं लग्न व्हायचंय, उद्याचं कुणी सांगावं. आणि बाबांना हेही सांगा की त्या कायद्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे, लेकीच्या घरी म्हणून संकोच कसला. भाड्याने घेतलंत तर लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करूनच घ्या.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
मी तुमच्या भावाच्या बाजूने थोडं बोलतो, मी 27 चा, अजून आईबाबांकडेच राहतो कारण ठाण्यात एकट्याने भाडं भरलं तर हातात काहीच उरत नाही. घरी पैसे देतो, बाबांच्या गोळ्या आणतो, पण रात्री उशीर झाला की आई जेवायची थांबते आणि त्याचंच मला टेन्शन येतं. भाऊ लांब आहे म्हणून त्याला काही वाटत नाही असं समजू नका, घर विकायचं तो बहुतेक घाबरूनच बोलला असेल. त्याला ठरावीक काम द्या ना, भाडं अर्धं त्याचं आणि दिवाळी, गणपतीत आठवडाभर मिरजेला तोच जाईल.

धायरीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल स्पीकरवर भावाला घेऊन बाबांशी बोलले. भाड्याचं अर्धं तो द्यायला तयार आहे, घर विकायचा विषय बंद. बाबा म्हणाले भाड्याच्या घरात येईन, पण वीजबिल मी भरणार, म्हटलं भरा. आई मात्र विचारत होती की अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी कोण घालणार, शेजारच्या काकूंना सांगायचं ठरलंय. दुसरी_विंग ताई, ते दांडे बसवायला भाड्याच्या घरात मालक तयार होतात का?

दुसरी_विंग:
आमचे झाले, ॲग्रीमेंटमध्येच एक ओळ टाकली होती की सोडताना भोकं बुजवून देऊ. तळमजला किंवा लिफ्टचा बॅकअप असलेलंच घर बघा, आमच्याकडे लाईट गेली की सासरे खालीच अडकतात.