आरजीबी दिव्यांचा पांढरा उजेड पांढरा का दिसत नाही?

महालकर
नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या वाड्याची दर्शनी भिंत पिवळसर चुन्याच्या गिलाव्याची असून तिच्यापुढे सागवानी खांबांची ओळ आहे. या खांबांच्या पायथ्याशी, जेमतेम 15 सेंटीमीटर अंतरावर, आम्ही एप्रिलमध्ये आरजीबी वॉल वॉशर, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून भिंत उजळवणारे दिवे, बसवले. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग 255 वर, म्हणजे पूर्ण तेजावर, ठेवले की पांढरा उजेड मिळेल, असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्षात उजेड निळसर दिसतो, साग भलताच तांबूस दिसतो, आणि भिंतीवर खांबाची सावली पडते तिला मोरपंखी, राणी आणि पिवळ्या रंगाच्या कडा येतात. तासाभराने उजेड आणखी हिरवट होतो. दोष दिव्यांचा की मांडणीचा?

धरमपेठकर
दोन्हींचा थोडाथोडा आहे. रंगपेटीतले रंग एकत्र केले की प्रत्येक रंग प्रकाशाचा काही भाग शोषतो आणि मिश्रण काळपट होत जाते. दिव्यांत मात्र प्रकाशात प्रकाशाची भर पडते, म्हणून लाल आणि हिरवा मिळून डोळ्याला पिवळा दिसतो. परंतु लाल चिप (दिव्यातला लाल उजेड देणारा बारीक तुकडा) साधारण 625 नॅनोमीटर तरंगलांबीला आणि हिरवी 525 च्या आसपास उजळते, आणि मधला पिवळा-नारिंगी पट्टा जवळजवळ रिकामाच राहतो. कोऱ्या कागदावर ही उणीव कळत नाही. साग आणि पिवळा गिलावा यांचे सौंदर्य मात्र नेमके याच पट्ट्यात असल्याने तिथे ती लगेच उघडी पडते. सागाचा एक तुकडा आधी या दिव्याखाली आणि मग घरातल्या साध्या वॉर्म व्हाइट बल्बखाली धरून पाहावा.

त्यामुळे नुसते आकडे बदलून साग पूर्ण खुलणार नाही. त्यासाठी चौथी, पांढरी चिप असलेले आरजीबीडब्ल्यू दिवे घ्यावेत. त्या चिपवरील फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारा लेप, हा मधला पट्टा भरून काढतो. वाड्यासाठी मी अंबर (पिवळसर-नारिंगी) चिपचाही आग्रह धरीन.

सावलीचे कारण सरळ आहे. प्रत्येक रंगाची चिप वेगळ्या जागी, वेगळ्या भिंगाखाली आहे, आणि इतक्या जवळ हे झोत एकमेकांत मिसळलेले नसतात. खांबाने लाल झोत अडवला की तिथे हिरवा आणि निळा उरतो, म्हणजे मोरपंखी. हिरवा अडला की राणी, निळा अडला की पिवळा. दिवे मागे सरकवा किंवा त्यांवर दुधी डिफ्यूझर (उजेड पसरवणारे झाकण) लावा, मात्र डिफ्यूझरने उजेड थोडा कमी होईल. नवे घेताना चारही चिपा एकाच भिंगाखाली असलेले पाहून घ्या.

मानेवाडा
तासाभराने येणाऱ्या हिरवटपणाबद्दल लिहितो, कारण नागपुरात हा मुद्दा सर्रास दुर्लक्षित राहतो. लाल चिप ज्या अर्धवाहकापासून बनते तो निळ्या-हिरव्या चिपांच्या अर्धवाहकाहून वेगळा असतो, आणि तापल्यावर तिचा उजेड या दोघींपेक्षा बराच जास्त घटतो. मे महिन्यात दुपारी पारा 45 अंशांवर जातो आणि दगडी जोते संध्याकाळीही तापलेले असते; दिवे त्याला चिकटवले असतील तर आतली उष्णता बाहेर पडायला वावच राहत नाही, लाल मंदावतो आणि मिश्रण हिरवट-निळसर होते. दिव्यामागे हवा खेळेल इतकी फट ठेवा, ते पूर्ण तेजाने चालवू नका, आणि रंगांचे प्रमाण दिवे तासभर तापल्यानंतरच ठरवा. थंड दिव्यावर ठरवलेले प्रमाण रात्री नऊपर्यंतही टिकत नाही.

महालकर
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल दिवे तासभर चालू ठेवून, लाल 255 वरच ठेवून हिरवा 170 आणि निळा 90 पर्यंत खाली आणला. निळसर झाक गेली आणि गिलावा बराच मूळ रंगाचा दिसू लागला. साग मात्र अजून तांबूसच आहे. एक दिवा खांबापासून दोन फूट मागे घेतल्यावर रंगीत कडा जवळपास नाहीशा झाल्या, म्हणून उरलेलेही मागे घेत आहोत, आणि खांबांपुरते आरजीबीडब्ल्यू दिवे पावसाळ्यानंतर घेण्याचे ठरवले आहे.