हेन्री रोनोला अमेरिकन कॉलेजनं 'वापरून फेकलं'? मला नाही पटत

यवतेश्वरचा चढ

काल 'मोकळा श्वास' यांची पोस्ट वाचली. केनियाच्या पोरांना अमेरिकन कॉलेजं स्कॉलरशिप दाखवून नेतात, चरकात घालून पिळतात आणि चिपाड बाहेर फेकतात, पुरावा म्हणजे केनियाचा धावपटू हेन्री रोनो, बिचारा दारूत गेला, बेघर झाला. खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. मला रात्रभर ते डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, रोनोला बिचारा म्हणू नका हो. 1978 साल, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी, पुलमनसारख्या गव्हाच्या शेतांमधल्या छोट्या गावात राहणारा. 8 एप्रिलला बर्कलीत 5000 मीटर 13:08.4, 13 मेला सिएटलमध्ये स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची 3000 मीटरची शर्यत) 8:05.4, 11 जूनला व्हिएन्नात 10,000 मीटर 27:22.5, 27 जूनला ऑस्लोत 3000 मीटर 7:32.1. चार जागतिक विक्रम, 81 दिवसांत. पहिले दोन तर कॉलेजच्या सीझनमधले, तिथं ना वेग लावून देणारा पेसमेकर ना युरोपातलं भरलेलं स्टेडियम.

आता मुद्दा. या माणसाला ऑलिंपिक मिळालं नाही ते कॉलेजमुळं का? 1976 ला तो संघात होता, न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला म्हणून आफ्रिकेतल्या देशांनी माँट्रियलवर बहिष्कार टाकला. 1980 ला मॉस्कोवर बहिष्कार, त्यातही केनिया. त्याच काळात टांझानियाचा सुलेमान न्यांबुई टेक्सास एल पासो युनिव्हर्सिटीत शिकत होता, तसाच कॉलेजचा पळणारा, तसाच पूर्व आफ्रिकेतला. टांझानिया मॉस्कोला गेला आणि न्यांबुईनं 5000 ला सिल्व्हर घेतलं. 1984 ला केनिया लॉस एंजेलिसला गेला तर वॉशिंग्टन स्टेटच्याच ज्युलियस कोरीरनं स्टीपलचेसचं गोल्ड मारलं. कॉलेज तेच, स्पर्धा त्याच. फरक पडला तो देशानं विमानात बसवलं की नाही याचा. हे सोडून कॉलेजला झोडपणं म्हणजे रेड्याचं दुखणं पखालीला.

मोकळा श्वास

माझं नाव घेऊन धागा काढलात तर उत्तर देणं आलंच. तुम्ही जूनपर्यंतच सांगितलंत, नोव्हेंबर का गाळलात? त्याच 1978 च्या एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या, क्रॉस कंट्रीत (माळरानातली लांब शर्यत) हाच रोनो 237 वा आला. आदल्या दोन वर्षांचा चॅम्पियन, चार जागतिक विक्रमांचा मालक, आणि 237 वा! याला पिळणं नाही म्हणत तर काय म्हणतात? सगळं कॉलेजच्या टीमच्या पॉइंटसाठी. 1977 चं इनडोअरचं टीम टायटल वॉशिंग्टन स्टेटनं उगाच नाही जिंकलं. त्या पॉइंटांवर कोचची नोकरी टिकते, पोराला काय मिळतं, जेवण आणि खोली.

यवतेश्वरचा चढ

नोव्हेंबर गाळला नाही, तुम्ही जुलै-ऑगस्ट गाळलेत. जून संपल्यावर तो कुणासाठी पळत होता? जुलैत अल्जियर्सला ऑल आफ्रिका गेम्स, तिथं दोन गोल्ड. ऑगस्टमध्ये एडमंटनला कॉमनवेल्थ, 5000 आणि स्टीपलचेस दोन्ही गोल्ड. हे सगळं केनियाच्या बनियनवर. मध्ये युरोपातल्या मीट, तिथं आयोजकांना तो हवा होता. पोरगं एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पळत होतं आणि थांब म्हणणारं कुणीच नव्हतं, त्यात कॉलेज एक, फक्त एक.

एमएसवाला पाटील

मी वाचत बसणार होतो पण आता राहवत नाही. मी मिडवेस्टात एमएस केलं, अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं, तिघं आपले आणि एक केनियातल्या एल्डोरेटकडचा, कॉलेजच्या टीममधला. रविवारी तो मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात टाकून लाकडी चमच्यानं घोटायचा, आपण उकड घोटतो तसं, उगाली म्हणायचा, आणि आमच्या आमटीबरोबर खायचा. अतिशय शांत मुलगा. एका कॉन्फरन्स मीटला शुक्रवारी दहा हजार, शनिवारी स्टीपलचेस, रविवारी पाच हजार. रविवारी रात्री घरी आला तो जिना बसून बसून चढला, एकेक पायरी, हातानं पाय उचलून. बाथटबमध्ये बर्फ ओतून त्यात बसला आणि तिथंच मांडीवर फळी ठेवून स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक वाचत होता, सोमवारी आठला पेपर. पुढच्या वर्षी मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. मे महिन्यात चार ओळींचा ईमेल आला, स्कॉलरशिप रिन्यू होणार नाही. ती वर्षावर्षाला रिन्यू होते हे आम्हाला तेव्हा कळलं, त्यालाही तेव्हाच. व्हिसा कॉलेजच्या कागदावर, म्हणजे फी भरा नाहीतर निघा. आकडे तुम्ही सांगा साहेब, मी तो जिना बघितलाय.

मोकळा श्वास

धन्यवाद पाटील. हेच मी म्हणत होतो.

यवतेश्वरचा चढ

पाटील, वाईट वाटलं वाचून, मनापासून सांगतो. पुढं काय झालं त्याचं?

एमएसवाला पाटील

एका लहान कॉलेजात गेला, तिथून नर्सिंग केलं. आता मिनेसोटात नर्स आहे, गावी आईला पक्कं घर बांधून दिलं. पण म्हणून त्या ईमेलचं समर्थन होत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण तुम्ही आता तेच लिहिणार.

डॅलसची आई

सगळे त्या मुलांबद्दल हळहळताय, एक बाजू माझीही ऐका. माझी मुलगी इथंच जन्मली, सातवीपासून क्रॉस कंट्री पळते. सकाळी साडेपाचला मी तिला गाडीतून सोडते, गेली पाच वर्षं, थंडीत, पावसात. आता कॉलेजच्या कोचांशी बोलणं सुरू झालं तर एक कोच तोंडावर म्हणाला की आम्ही डिस्टन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, जागा परदेशी मुलींना देतोय, त्या तयार येतात. बायकांच्या ट्रॅकला आत्ताआत्तापर्यंत 18 स्कॉलरशिप असायच्या, त्यात स्प्रिंटर, उड्या, फेक सगळं आलं. आता रोस्टरवरच, म्हणजे संघातल्या एकूण मुलींवरच, मर्यादा, क्रॉस कंट्रीला 17 मुली. त्यात 22-23 वर्षांच्या तयार बायका आणल्या तर 18 वर्षांच्या मुलीनं जायचं कुठं? वयाचा मुद्दा कुणीच काढत नाहीये. रोनो तरी पुलमनला आला तेव्हा कितीचा होता?

यवतेश्वरचा चढ

24 चा. जन्म फेब्रुवारी 1952. लपवलेलं काही नाही, तेव्हा चालायचं, एनसीएएनं नियम नंतर कडक केले.

बीडकर

ताई, मुद्दा समजला पण डोरिस लेमगोले अलाबामाकडून पळून 2025 ला स्टीपलचेस 8:58.15 करते, कॉलेजच्या इतिहासात नऊ मिनिटांच्या आत पहिली, तिनं कुणाची जागा 'घेतली' म्हणायचं? जागा पळणाऱ्याची असते. आणि स्पष्ट बोलतो, आपली माणसं एच-वन बी वर तिकडं गेली तेव्हा तिथले लोकही हेच म्हणत होते ना, आमच्या पोरांच्या जागा गेल्या म्हणून? तेव्हा आपण म्हणालो मेरिट. आता केनियाची पोरगी मेरिटवर आली तर आपल्याला वय दिसतं.

डॅलसची आई

माझ्या घरावर यायचं काम नाही. माझ्या नवऱ्यानं काय केलं ते तुम्हाला माहीत नाही, आणि लेमगोलेबद्दल मी एक शब्द काढलेला नाही, ती वेगळ्याच पातळीवर आहे. मी त्या दहाव्या-बाराव्या नंबरच्या जागांबद्दल बोलतेय. कोचला तीन वर्षं थांबून मुलगी घडवायची नाहीये, तयार माल पाहिजे. मुलीला काय सांगू मी, पाच वर्षं पहाटे उठलीस ते चुकलं?

बीडकर

आवाज चढला असेल तर माफ करा. पण 'तयार माल' हा शब्द तुम्हीच वापरलात, त्या मुलीही कुणाच्या तरी लेकी आहेत.

सिंडरट्रॅक

मी वयानं इथं सगळ्यात मोठा असेन म्हणून दोन्हीकडं बोलतो. 1978 ला मी युनिव्हर्सिटीकडून 5000 पळायचो, आमचा ट्रॅक कोळशाच्या चुरीचा, पावसाळ्यात चिखल. रोनोच्या बातम्या पेपरात बोटभर यायच्या, त्या कापून मी वहीत चिकटवल्या होत्या. आमचे सर म्हणायचे, हा मुलगा शर्यतीच्या मध्येच असा वेग वाढवतो की बरोबरचे लोक डोळ्यांसमोर मागं पडतात. आज त्याला फक्त दारूडा म्हणून ओळखतात हे बघून पोटात तुटतं. पण यवतेश्वर, तुमचंही पूर्ण खरं नाही. 1981 ला नॉर्वेत क्नारविकला त्यानं 5000 चा स्वतःचा विक्रम मोडला, 13:06.20. आदल्या रात्री प्यायला होता आणि सकाळी तासभर पळून घाम काढला, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. म्हणजे तोवर दारू लागलेली होती, आणि ती पुलमनच्या वर्षांत लागली. घरापासून इतक्या लांब, बर्फात, आजूबाजूला आपली भाषा नाही, जिंकला की सगळे पाठ थोपटणार, रात्री खोलीत एकटा. त्याच्या पिण्याकडं कोण बघत होतं? तो विक्रम मोडतोय म्हटल्यावर कोण बघणार!

यवतेश्वरचा चढ

काका, हे मान्य. जिथं चार वर्षं पोरगं तुमच्या छपराखाली आहे तिथं हे बघणं कॉलेजचं काम होतं. इतकं मी देतो. पण 'फेकलं' नाही मान्य.

मोकळा श्वास

पार्किंगमध्ये काम केलं, विमानतळावर लोकांच्या बॅगा उचलल्या, व्यसनमुक्ती केंद्रांच्या वाऱ्या केल्या. मग फेकलं नाही तर काय केलं?

यवतेश्वरचा चढ

आणि केनिया काय करत होता तेव्हा? तो 2019 ला परत गेला, इतक्या वर्षांनी. 15 फेब्रुवारी 2024 ला वारला. चारच दिवस आधी केनियाचा मॅरेथॉन विक्रमवीर केल्विन किपटम अपघातात गेला होता, 24 वर्षांचं पोरगं, सगळं जग त्या दुःखात, रोनोची बातमी त्यात कुठल्या कुठं गेली. परत जायच्या आधी अमेरिकेत न्यू मेक्सिकोत त्यानं पोरांना पळायला शिकवलं, स्वतःला दारूतून बाहेर काढलं, हे तुमच्या पोस्टमध्ये एका ओळीनंही नाही. तुम्हाला फक्त पडलेला रोनो हवाय.

एमएसवाला पाटील

दोघंही 1978 मध्ये अडकलात. आजचं बघा. एडवर्ड चेसेरेक, केनियातल्या मराक्वेतचा, न्यू जर्सीत शाळा, मग ओरेगन, 17 एनसीएए टायटल, क्रॉस कंट्री सलग तीनदा. 2018 ला इनडोअर मैल 3:49.44. एकही ऑलिंपिक नाही. तेव्हा अमेरिकेचा नागरिक नव्हता, आणि केनियाच्या ट्रायल्समध्ये घरची पोरंच इतकी की तिथंही जागा मिळाली नाही. केनियाच्याच पॉल चेलिमोला नागरिकत्व मिळालं ते अमेरिकन आर्मीत भरती होऊन, मग रिओत सिल्व्हर. ते सिल्व्हर घेताना टीव्हीवर मुलाखत चालू असतानाच त्याला कळलं की डिस्क्वालिफाय केलंय, नंतर परत दिलं. म्हणजे गणवेश घातला तर देश मिळतो.

बीडकर

आर्मीचं म्हणाल तर आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तरी कसा पुढं आला? महार रेजिमेंट, सियाचीन, नंतर पळणं. गरिबाच्या पोराला दोन्हीकडं तोच रस्ता आहे. आणि एक सांगतो, अविनाशचा स्टीपलचेसचा नॅशनल रेकॉर्ड 8:09.91, पॅरिस डायमंड लीग, 2024. रोनोनं कॉलेजात असताना 1978 ला 8:05.4 मारला. सेहेचाळीस वर्षांनीसुद्धा आमचा वाघ साडेचार सेकंद मागं आहे, आणि अविनाशसाठी जीव टाकणारा माणूस मी आहे.

सिंडरट्रॅक

आणि तो 8:05.4 तब्बल 11 वर्षं टिकला. 1989 ला मोडला तोही वॉशिंग्टन स्टेटच्याच पीटर कोएचनं, 8:05.35. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा फरक.

एमएसवाला पाटील

डॅलसच्या ताईंना एक सांगायचं राहिलं. 2021 पासून कॉलेजची पोरं जाहिरातीचे, बुटांचे पैसे घेऊ शकतात. पण स्टुडंट व्हिसावरच्या पोराला तिथं काम करून ते पैसे घेता येत नाहीत, व्हिसाच जाईल. म्हणजे एकाच रिलेत पळणाऱ्या दोघींपैकी जी जिंकून देते तिला शून्य आणि शेजारची घेते.

डॅलसची आई

हे माहीत नव्हतं. माझी मुलगी घेऊ शकेल, कारण ती इथं जन्मली. हे बरोबर नाही, मान्य करते. पण वयाचा मुद्दा मी सोडलेला नाही, आणि बीडकरांनी एच-वनचं काढलं ते मला अजून लागलंय.

बीडकर

लागलं असेल तर चूक माझी, ताई. तिची शर्यत असेल तेव्हा इथं टाका, आम्ही सगळे बघू.

मोकळा श्वास

पोस्ट एडिट केली. 'फेकलं' काढलं आणि न्यू मेक्सिकोचं घातलं. 'वापरलं' तसंच ठेवलंय, आणि पाटलांच्या परवानगीनं तो जिना घालणार आहे.

एमएसवाला पाटील

घाला. कॉलेजचं नाव विचारू नका फक्त, तो अजून त्यांच्या रीयुनियनला जातो.

यवतेश्वरचा चढ

'वापरलं'वर मी भांडणार, पण उद्या. पहाटे पाचला पोरं येतात, त्यातल्या एकीला परवापासून नडगीत कळ येतेय आणि रविवारी तिची जिल्ह्याची शर्यत आहे. ते पाटलांचं वाचल्यापासून ठरवलंय, तिला बसवतोय.