चर्चा: पक्षीनोंदींचा आपला फलक नवा करायचा, की आहे तोच नीट करायचा?

धानबांधी

आपल्या या इंटरनेटवरच्या चर्चाफलकाखाली अजून पीएचपीबीबी ३.० हे फलक चालवायचं सॉफ्टवेअर आहे. ही मालिका डिसेंबर २००७ मध्ये आली. ती सर्व्हरवरच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवर चालते आणि ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या डिसेंबरअखेर बंद झालं. होस्टिंगवाला आता ते ५.६ काढून टाकणार आहे. त्यामुळे ‘चालतंय ना, मग राहू द्या’ हे उत्तर आधीच बाद समजा.

वाटा तीन दिसतात. एक, हेच सॉफ्टवेअर ३.३ वर नेणं. दुसरी, डिस्कोर्ससारख्या दुसऱ्या फलक-सॉफ्टवेअरच्या नव्या घरात सामान हलवणं. तिसरी, फलक फक्त वाचण्यापुरता ठेवून बाकी सगळं टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर करणं.

माझं मत पहिल्या वाटेला. नवेगावबांध, इटियाडोह, घोडाझरी, असोलामेंढा या पूर्व विदर्भातल्या तलावांवरच्या नोंदी तारखेसकट एका जागी आहेत आणि प्रत्येक धाग्याचा पत्ता ठरलेला आहे. तो पत्ता मोडला तर उरते ती रद्दी. पण फोनवर मुंगीएवढी अक्षरं दिसतात, ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतो आणि नवीन सदस्यांत माणसं कमी, औषधं विकणारे यंत्रमानव जास्त. हे मलाही दिसतं. बोला.

टिटवी

दादा, फलकावर प्रेम असणं वेगळं आणि फलक कामाचा असणं वेगळं. नोव्हेंबरात पट्टकादंब उतरले की बातमी आधी ग्रुपवर येते. फलकावर ती चार दिवसांनी पडते, तोवर थवा दुसऱ्या तलावावर. नव्या पोरांना संगणक माहीत नाही असं नाही, पण ते तलावाच्या पाळीवर फोन घेऊन उभे असतात. तिथं लॉगिन करा, पासवर्ड आठवा, विभाग निवडा, फोटो छोटा करा, मग चढवा! कोण करेल?

टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये २०२२ पासून विषयवार कप्पे करता येतात. ‘पाणथळ’, ‘माळरान’, ‘ओळख सांगा’ असे तीन कप्पे पाडा, काम झालं. सर्व्हर नको, डेटाबेस नको. दरवर्षी नूतनीकरणाची वर्गणी मागत फिरणं तर अजिबात नको.

पाणलावा

ताई, ‘ओळख सांगा’ हा कप्पाच तिथं टिकणार नाही. कारण साधं आहे. व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. कॅमेऱ्याचा फोटो ४००० पिक्सेलचा आणि त्यात लांबवरचा पक्षी १०० पिक्सेलचा असेल, तर पोचेपर्यंत तो ४० चा होतो. बदकाचं भागेल. थापट्याच्या मादीची फावड्यासारखी चोच ४० पिक्सेलमध्येही कळते. पण धानाच्या बांधीतून उडालेल्या पाणलाव्याचं काय? साध्या पाणलाव्याच्या पंखाला मागून पांढरी कडा असते, टाचणीशेपट्या पाणलाव्याला ती जवळपास नसतेच. सगळा निर्णय त्या एका रेघेवर असतो, आणि दाबलेल्या फोटोत पहिली तीच जाते.

टिटवी

२०२३ पासून एचडीचा पर्याय आहे. शिवाय ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फोटो जसाच्या तसा जातो.

पाणलावा

जातो. पण शंभरातले किती जण तसा पाठवतात? आणि पाठवला तरी दोन वर्षांनी तो पाणलावा कुठं शोधायचा? ग्रुपमध्ये शोध घेतला की ‘पाणलावा’ हा शब्द सापडतो. खाली ज्यांनी ‘नाही, शेपूट पाहा’ एवढंच लिहिलं त्यांचं म्हणणं सापडत नाही, आणि खरी ओळख नेमकी त्यांच्याच ओळीत असते.

मोरगाव_साइड

भाऊ, टॉवरची गोष्ट कोनीच काहून बोलत नाही? कोरची, सालेकसा, देवरी इकडं आतमधी गेलं का एक दांडी, तेबी झाडाखालून निंगलं तं. सेकंदाला १०० किलोबिटचा वेग धरा. ५ एमबीचा फोटो चढवाले ४०० सेकंद, म्हंजे साडेसहा मिनिटं. तोच २५० केबीचा केला तं २० सेकंद. जो बी फलक ठेवाल त्यानं फोटो फोनातच बारीक करून मंग पाठवला पाहिजे. सर्व्हरवर जाऊन बारीक करनारा कामाचा नाही, डेटा तं आधीच गेला ना जी.

आन् डिस्कोर्सचं नाव घेनाऱ्याईनं ते एकदा एका दांडीवर उघडून पाहा. आधी ढीगभर जावास्क्रिप्ट उतरते, मंग पान दिसते. जुना फलक कसाबी असला तरी अक्षरं आधी येतात, चित्र मागून.

तारखंडी

तांत्रिक बाजू मांडतो, कारण तिन्ही वाटा कागदावर सारख्याच सोप्या वाटतात.

डिस्कोर्सला शेअर्ड होस्टिंग चालत नाही. स्वतःचा आभासी सर्व्हर लागतो. किमान १ जीबी रॅम आणि वर स्वॅप, नीट चालायला २ जीबी. डॉकर हे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन लागतं. मेल पाठवायची वेगळी सेवा लागते, कारण बरेच क्लाउडवाले मेल जाण्याचं दार, पोर्ट २५, बंद ठेवतात आणि मेलशिवाय नवीन सदस्याची नोंदणीच पुरी होत नाही. पीएचपीबीबीतून धागे आणायची स्क्रिप्ट आहे, ती चालते. पण जुने पासवर्ड सहजासहजी येत नाहीत. प्रत्येकाला मेलवरून नवा करावा लागतो, आणि आपल्या जुन्या सदस्यांचे कित्येक मेलपत्ते मेलेले आहेत. नोंदी येतील, त्या लिहिणारे बाहेर राहतील.

३.३ वर जाताना हे होत नाही. जुना पासवर्ड टाकून माणूस आत आला की त्याच वेळी तो नव्या पद्धतीने साठवला जातो. धाग्यांचे पत्तेही तेच राहतात. क्रम असा:

आधी डेटाबेसचा डम्प (पूर्ण नक्कल) आणि ‘फाइल्स’ फोल्डर, दोन्ही एकाच दिवशी. ‘फाइल्स’मधले फोटो मूळ नावाने नसतात, लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाने असतात आणि त्यांना ‘.jpg’सारखी शेपटीही नसते. खरं नाव डेटाबेसमध्ये. नुसतं फोल्डर वाचवलं आणि डम्प गेला, तर हजार फोटोंचा ढिगारा हाती येईल, कोणता कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. डम्प घेताना आणि परत भरताना अक्षरसंच यूटीएफ-८ च सांगायचा. चुकून लॅटिन झाला तर सगळ्या मराठीच्या जागी टोपी घातलेल्या रोमन ‘ए’ची रांग दिसते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि ते तीन तुकडे सुटे वाचले जातात म्हणून.

मग फलकाची चाचणीची प्रत उपडोमेनवर उभी करायची, तिला पासवर्डचं कुलूप लावायचं, नाहीतर गुगल दोन-दोन फलक दाखवेल. प्रतीवर सगळे जुने मॉड (बाहेरून जोडलेले बदल) बंद, थीम मूळची प्रोसिल्व्हर, ब्रिटिश इंग्रजीचा भाषासंच जागेवर. ३.० चे मॉड आणि थीम पुढे चालत नाहीत, ३.१ पासून त्यांची जागा एक्सटेन्शननी घेतली. म्हणजे आपली ती हिरवी पानापानांची थीम जाणार, हे आत्ताच मान्य करा. पुढे कॉन्फिग फाइल आणि ‘फाइल्स’, ‘इमेजेस’, ‘स्टोअर’ एवढं सोडून बाकी सगळं पुसायचं, ३.३ च्या फाइल्स टाकायच्या, त्याच बैठकीत पीएचपी ७.२ किंवा वर न्यायचं आणि डेटाबेसचं अद्ययावतीकरण चालवायचं. मध्येच वेळ संपल्याची चूक आली तर घाबरू नका. पुन्हा चालवलं की जिथं थांबलं तिथून पुढे जातं. शेवटी ‘इन्स्टॉल’ फोल्डर काढून टाकायचं. ते राहिलं तर पाहुण्यांना फलक उघडतच नाही आणि अर्धे लोक फोन करून विचारतात.

ब्राउझरचं ‘सुरक्षित नाही’ घालवणारं एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या सेवेकडून फुकट मिळतं, ९० दिवसांचं, आपोआप नवं होईल असं लावून ठेवायचं. मग लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीच्या सेटिंगमध्ये डोमेन तपासायचं. ते चुकलं की माणूस लॉगिन करतो आणि पुढच्या पानावर बाहेर.

धानबांधी

मोरगाववाल्या भाऊंची अट यात बसते का?

तारखंडी

बसते. कमाल लांबी-रुंदी १२०० पिक्सेल ठरवली की फोटो ब्राउझरमध्येच लहान होऊन निघतो. पाणलाव्यासाठी मात्र आधी पक्ष्याभोवती कापून घ्यायला सांगावं लागेल, नाहीतर १२०० मध्येही तीच गत.

टिटवी

कबूल, पासवर्डचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. पण माझा मूळ प्रश्न अजून तिथंच आहे. इंजिन कितीही नवं बसवा, बातमी ग्रुपवरच फुटणार. मग ती फलकावर कोण नकलून टाकणार? एकच माणूस हे काम करतो आणि तो लग्नाला गेला की महिनाभर फलक कोरडा.

मामातलाव

बातमी ग्रुपवर फुटते हीच तर पंचाईत आहे, ताई. पावसाळ्यात सारस बांधीत नाहीतर तलावाच्या उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो. अंडी बहुधा दोन, उबवणी महिनाभराची. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे आकडे दडलेले असतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फोटो पाठवा असं तुम्हीच वर लिहिलं, त्यात ते आकडेही जातात! दुसऱ्या दिवशी चार मोटारसायकली बांधावर. जोडी उठते, तेवढ्यात कावळे आणि कुत्री असतातच. आणि ज्याचं धान तुडवलं जातं तो शेतकरी पुढच्या वर्षी घरटं दिसलं तरी कोणाला सांगत नाही. गोंदिया-भंडाऱ्यातले सारस त्या सांगण्यावर टिकलेले आहेत.

फलकावर घरट्यांचा विभाग फक्त ओळखीच्या सदस्यांना दिसेल असा ठेवता येतो. ग्रुपमध्ये पुढे ढकलायला एक बोट पुरतं.

तारखंडी

३.३ मध्ये जेपीईजी चढवताना आतली माहिती, जागेच्या आकड्यांसकट, काढून टाकायची खूण आहे. ती पहिल्या दिवशीच लावायची.

आणि टिटवीताईंच्या प्रश्नाला अर्धं उत्तर आहे. नक्कल उलट्या दिशेने करा. फलकात ॲटम फीड, म्हणजे नव्या धाग्यांची आपोआप बनणारी यादी, आतच असते, चालू करायचा अवकाश. टेलिग्रामचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) ती वाचून नव्या धाग्याचं नाव आणि दुवा ग्रुपवर टाकेल. पाहुण्यांना जे विभाग दिसत नाहीत ते पाहुण्याच्या फीडमध्येही येत नाहीत, म्हणजे घरटी बाहेर पडणार नाहीत. व्हॉट्सॲपला हे सरळपणे करता येत नाही.

टिटवी

अर्धंच आहे, खरंय. यात आधी फलकावर लिहिणारा माणूस लागतोच. पोरगं पाळीवरून तिथं लिहिणार नाही.

मग नोंदी तरी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर जाऊ द्या ना. ते २००२ पासून चालू आहे, ॲप बिनरेंजचं चालतं, यादी फोनात राहते आणि गावात आल्यावर पाठवता येते. किती वेळ, किती किलोमीटर, किती पक्षी, सगळ्यांना रकाने. आपल्या फलकावर कोणी ‘भरपूर वारकरी’ (तो काळा पाणपक्षी) लिहितं, त्या ‘भरपूर’चं पुढं काय करायचं?

पाणलावा

यावर भांडण नाही. मोजदाद तिकडेच जावी, ‘भरपूर’ला कायमची सुट्टी. वादाची जागा मात्र तिथं नाही. शंका असलेली नोंद ईबर्डचा परीक्षक नोंदवणाऱ्याला विचारून घेतो किंवा बाजूला ठेवतो, ते त्या दोघांत राहतं. फलकावर तोच वाद दहा जण वाचतात आणि पुढच्या वेळी पंखाची कडा पाहतात.

शब्दवेल्हाळ

तुम्ही सगळे इंजिनावर बोलताय, शोधाकडे कोणाचंच लक्ष नाही. फलक मेल्यासारखा वाटतो तो त्यामुळे.

‘सारस’ लिहून शोधलं की ‘सारसाला’, ‘सारसांच्या’, ‘सारसांनी’ असलेले धागे येत नाहीत. आपली भाषा शब्दाला शेपूट लावते, शोधयंत्राला ते पूर्ण वेगळे शब्द. पुढे तारा लावून ‘सारस*’ असं लिहा, मग येतात. हे शोधाच्या चौकटीजवळ मराठीत लिहून ठेवायला दोन मिनिटं लागतील, सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही.

दुसरं जास्त खोडील आहे. ‘पांढऱ्या मानेचा करकोचा’ शोधा. काही कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, काही साधा ‘र’, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणारा. ‘पांढऱ्या’ आणि ‘पांढर्‍या’. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. अर्धे करकोचे एका खात्यात, अर्धे दुसऱ्या. नवीन इंजिन बसवल्याने हे सुटत नाही, डिस्कोर्सनेही नाही. प्रतीवर सगळ्या मजकुरात आणि शीर्षकांत एक रूप दुसऱ्याने बदलायचं, मग शोधसूची पुसून नव्याने बांधायची.

आणि नावं. कोणी ‘नीलकंठ’ लिहितं, कोणी ‘नीलपंख’, कोणी ‘चास’. पक्षी एकच. शीर्षकात पुस्तकी नाव आणि पहिल्या ओळीत गावातलं, एवढी शिस्त लावली तरी पुष्कळ.

मामातलाव

लोकांनी लिहिलेल्या मजकुराला हात लावायचा? आज ‘ऱ्या’, उद्या कोणाचं शुद्धलेखन.

शब्दवेल्हाळ

दिसणारं एकही अक्षर बदलत नाही. तरी हरकत असेल तर केवळ शीर्षकं बदला, मजकूर राहू द्या. निम्मं काम तेवढ्यानेही होतं.

मोरगाव_साइड

आन् नोंदणीतले ते औषधवाले? त्याईच्यासाठी मराठीत प्रश्न लावा. ‘महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता?’ उत्तराच्या रकान्यात एका ओळीत एक असं ‘हरियाल’, ‘हरियल’, ‘हरोळी’ सगळं टाकून ठेवा, नाहीतं आपलेच लोक बाहेर राहतीन. दर दोन-तीन महिन्यांनी प्रश्न बदलवत जा.

टिटवी

माझं मत अजूनही टेलिग्रामकडेच झुकतं. पण फलक राहणारच असेल तर बॉट मी जोडून देते. विषयवार तीन कप्पे तिकडे आधी उघडू, फीड ‘पाणथळ’मध्ये पडेल. दोन हिवाळे पाहू, कुठं किती लिहिलं जातं ते.

धानबांधी

मग प्रत उभी करायला घेऊ. खरा बदल मे महिन्यात, बदकं गेलेली असतात आणि सारसांची घरटी सुरू व्हायची असतात, फलकावर तेव्हा सगळ्यात कमी वर्दळ. तोवर ज्यांना कुलपाचा पासवर्ड हवा त्यांनी निरोप टाका. प्रत उघडल्यावर तीन गोष्टी इथं लिहा: रेंजच्या किती दांड्या होत्या, पहिलं अक्षर दिसायला किती सेकंद लागले आणि ‘पांढऱ्या’ शोधल्यावर किती धागे आले.