धूर शेजाऱ्याच्याही छातीत जातो

सिगारेट ओढणे ही ज्याची त्याची खासगी बाब असून सार्वजनिक ठिकाणची बंदी म्हणजे सरकारची ढवळाढवळ आहे, हे काही जण मांडतात ते मत मला पटत नाही. पेटत्या टोकाचा धूर थेट हवेत मिसळतो, त्यात कर्करोगाला कारणीभूत ठरणारी अनेक रसायने असतात आणि तो श्वासात घ्यायचा की नाही हे शेजारच्या माणसाला कोणी विचारत नाही. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, ती न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा आधार घेऊनच. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले.

आमच्या गावच्या एसटी स्थानकात, 'धूम्रपान निषिद्ध' या पाटीखालच्याच बाकावर, एक बाई तान्ह्या बाळाचे नाक पदराने झाकून बसलेली मी पाहिली. हातभर अंतरावर बिडी ओढणाऱ्याला बोलण्याचे धाडस तिला होत नव्हते. मी पाटीकडे बोट दाखवले, तेव्हा तो मुकाट्याने फाटकाबाहेर गेला. पाटी नसती, तर मलाही तोंड उघडणे जड गेले असते. दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच आहे, आणि तोही वसूल होताना मी क्वचितच पाहिला आहे. बंदी हटवण्यापेक्षा ही वसुली नेटाने कशी होईल, यावर बोलले जावे.