नडगीत रॉड बसवून दहा आठवडे झाले, बाबा पाय टेकवत नाहीत

खानापूरकर:
ऊस भरताना ट्रॉलीवरून पडून बाबांची नडगी मोडली. बेळगावात ऑपरेशन झालं, आत रॉड, वर-खाली दोन-दोन स्क्रू. एक्स-रेत फट अजून दिसतेय, आणि बाजूचं बारीक हाड तर मोडलेलंच ठेवलंय! डॉक्टर म्हणतात वजन टाका, बाबा घाबरतात. शेजारी म्हणतात कोल्हापूरला न्या. काय करू?

निपाणीची ताई:
दादा, मी १४ वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. बारीक हाडावर भार थोडाच येतो. मोड नडगीच्या मधल्या भागात असली की ते बहुधा तसंच सोडतात. रॉड आधार देतो, हाड शरीरच सांधतं. नडगीवर पुढून हात फिरवून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं. मांस नाही, रक्त कमी, म्हणून चार-सहा महिनेही लागतात. परवानगी आहे तर वॉकर धरून टेकवाच, त्या दाबानं हाड भरतं. बाबा तंबाखू खातात का?

खानापूरकर:
खातात. दिवसाला दोन पुड्या.

निपाणीची ताई:
आजच बंद करा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, हाड रखडतं. पोटरी सुजून दुखली किंवा एकदम धाप लागली तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

चिकोडीवाला:
माझं सहा महिने भरेना. मग एका टोकाचे स्क्रू काढले, टोकं एकमेकांवर दाबली गेली आणि भरलं. आता शेतात जातो.