मुरुमांचा त्रास मोजायला कॅडी घ्यावी की डीएलक्यूआय?

ओपीडी_सोलापूर:
नमस्कार. मुरुमांच्या पेशंटना प्रश्नावली द्यायला सुरुवात करतोय. वय १५ ते २५, बहुतेक कॉलेजचे. गालावर दोनचार पुटकुळ्या असलेली मुलगी भरपूर गुण भरते आणि पाठ भरलेला मुलगा शून्य-एक. कोणती प्रश्नावली घ्यावी, फक्त मुरुमांसाठीची कॅडी की कोणत्याही त्वचारोगाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणारी डीएलक्यूआय, आणि भरून घेताना काय सांभाळावं?

मोजपट्टी:
दोघांचेही आकडे खरे माना. जीएजीएस ही डॉक्टरनं मुरुमांची तीव्रता ठरवायची पद्धत फक्त त्वचा मोजते: प्रत्येक भागाला तीव्रतेचा गुण द्यायचा, तो कपाळ आणि प्रत्येक गालासाठी २ ने गुणायचा, नाक, हनुवटीसाठी १ ने, छाती-पाठीसाठी ३ ने, कमाल बेरीज ४४. त्या मुलीनं आरशात पाहणं सोडलंय, हे त्यात कुठेच येत नाही. म्हणून दोन्ही नोंदवा, एकावरून दुसरं ठरवू नका.

फक्त मुरुम असतील तर कॅडी बरी. ५ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, कमाल १५. इतर त्वचारोगांशी तुलना हवी असेल तर डीएलक्यूआय: १० प्रश्न, कमाल ३०, ११ पासून पुढे परिणाम फार मोठा. १५ वर्षांच्यांना मुलामुलींसाठीची सीडीएलक्यूआय द्या, आणि दोन्हींची मिळून सरासरी काढू नका.

डीएलक्यूआयचा सातवा प्रश्न हमखास चुकतो. त्वचेमुळे काम किंवा अभ्यास बंद पडला तर थेट ३. 'नाही' असेल तरच त्रास किती झाला हा उपप्रश्न: 'खूप' २, 'थोडा' १. एक प्रश्न रिकामा असेल तर ० धरा, दोन राहिले तर बेरीजच करू नका.

ओपीडी_सोलापूर:
कॅडीच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे पोहण्याचे कपडे किंवा चारचौघांत कपडे बदलणं टाळलं का, याला जवळपास सगळ्या मुली ० देतात.

फॉर्म_तपासनीस:
कारण त्या एरवीही तलावावर जात नाहीत. तिथे ० म्हणजे त्रास नाही असं नव्हे. शब्द मात्र बदलू नका, नाहीतर गुण कुणाशीच जुळणार नाहीत. समासात लिहा: 'ओढणीनं गाल झाकते', 'लग्नात फोटोला उभी राहत नाही'.

आईला बाहेर बसवा. डीएलक्यूआयचा नववा प्रश्न लैंगिक अडचणींचा आहे. आई शेजारी असली की मुलगी वाचायच्या आत 'लागू नाही'वर खूण करते. सोलापूरच्या पूर्व भागातून घरी तेलुगू बोलणारे पेशंट येणार, अक्कलकोटकडचे कानडी. नर्सनं तोंडी भाषांतर करून विचारलं की 'थोडा' आणि 'खूप' यांतली सीमा प्रत्येक वेळी सरकते. या प्रश्नावल्या जिथे तयार झाल्या त्या कार्डिफ विद्यापीठाकडे मान्य भाषांतर आहे का, ते आधी पाहा.

तारीख सांभाळा. डीएलक्यूआय मागच्या आठवड्याचंच विचारते. पहिला फॉर्म सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा घरच्या लग्नात भरला तर गुण चढलेले असतात. पुढच्या खेपेला ते उतरले की श्रेय मलमाला जातं. ४ गुणांहून कमी फरकाला सुधारणा म्हणू नका.

आणि फॉर्म त्याच दिवशी, पेशंट दवाखान्यात असतानाच वाचा. कुणी जगणं नकोसं झाल्याचं लिहिलं किंवा बोललं, तर बेरीज बाजूला ठेवा, एकट्यानं घरी पाठवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फॉर्मवरच छापून घ्या.